पहिलं खातं श्रींचं

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

चि. रविना हीस अनेक आशीर्वाद.

मायना काय लिहावा यातच एक कागद फुकट गेला. हात सवयीने ‘चि. सौ.’ लिहून मोकळा झाला. मग ‘सौ.’ खोडलं, तर खोडलेलं जास्तच दिसायला लागलं. तसा कागद तुला पाठवणं बरं वाटेना, म्हणून हा नवा घेतला. त्या कागदाची मागची बाजू कोरी आहे, ती किराण्याच्या यादीला होईल.

तुला फोन केला होता. लागत नाही. आधी वाटलं रेंज नसेल. मग शेजारच्या प्रतिभाताईंच्या फोनवरून लावला तर लगेच रिंग गेली, तेव्हा मीच घाईघाईने ठेवून दिला. समजायचं ते समजले. रागावले नाही, खरंच नाही. कोर्टाची सही झाल्यावर सासूचा नंबर कोण ठेवतं? उल्हासनगर इथून काही परदेशात नाही, उठले की येता येईल. पण तुझ्या माहेरच्या दारात मी कोण म्हणून उभी राहू, ते सुचत नाही. म्हणून पत्र.

काम एवढंच की, तुझा कॉम्प्युटर. हॉलच्या कोपऱ्यात तू ठेवलास तिथेच आहे, वर तूच शिवलेलं कव्हर आहे. भजनी मंडळाचा जमाखर्च तू मला त्यात लिहायला शिकवलास, तो मी अजून त्यातच लिहिते. परवा चालू केला तर पडद्यावर भली मोठी सूचना: या सिस्टीमला यापुढे अपडेट मिळणार नाहीत, नवीन कॉम्प्युटर घ्यावा. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं. तो मुलगा मान वर न करता म्हणाला, “काकू, जुना झाला. फॉर्मॅट मारून देतो, आतलं सगळं साफ. नाहीतर एक्स्चेंजमध्ये द्या.”

आतलं सगळं साफ म्हणजे तुझंही साफ. तुझ्या नावाचं फोल्डर त्यात आहे, ते तू नेलं नाहीस. तुझी सर्टिफिकेटं असतील, त्या परीक्षेचा अभ्यास असेल, रात्रंदिवस टाइप करायचीस ते असेल. मी उघडलेलं नाही. दुसऱ्याच्या पेटीला हात लावत नाही मी.

प्रज्वलला बंगळूरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “आई, भंगारात दे. तिला हवं असतं तर तिने नेलं असतं.” मी म्हटलं, अरे, माणूस जाताना सगळं आठवणीने नेतं का? तर म्हणाला मीटिंग आहे.

तेव्हा तुझं जे आहे ते तुला हवं की नको, एवढं कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मी त्याला दुकानात नेणार नाही.

आज सोसायटीच्या गेटवर गाय-वासरू आणलं होतं. पूजा केली. बाकी ठीक.

तुझी,
संजीवनी

*

कात्रप
१० नोव्हेंबर २०२५

चि. रविना,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही. पोस्टाचं काही खरं नसतं, पोहोचलंच नसेल असंही धरून चालते.

दिवाळी झाली. प्रज्वलला सुट्टी मिळाली नाही. मी चकल्या केल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. करताना कोणी पाठीमागून येऊन गरम गरम उचलली नाही की मोडतही नाहीत, सगळ्या अख्ख्या राहिल्या.

कॉम्प्युटरचं सांगते. मी क्लास लावला आहे. हसू नकोस. इंटरनेटवर एक धर्मराज सर आहेत, परभणीकडचे. दर रविवारी संध्याकाळी ऑनलाइन शिकवतात, फुकट. जुन्या कॉम्प्युटरवर ते लिनक्स म्हणून दुसरी सिस्टीम टाकायची, ती कशी चालवायची, कशी सांभाळायची. तू लिनक्स लिनक्स म्हणायचीस तेव्हा मला ते साबणाचं नाव वाटायचं. बाकी सगळी नोकरी शोधणारी पोरंपोरी आहेत, चौकोनी खिडक्यांत चेहरे. मी मोबाइलवर बघते, फोन पोळपाटाला टेकवून.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. क्लासची वेळ आणि माझी दिवेलागणीची वेळ एकच. मी फोन तसाच ठेवून देवापुढे गेले, घंटा वाजवली, आरती म्हटली. परत येऊन बघते तर सर गप्प बसलेले आणि पोरं तोंडावर हात ठेवून.

“मावशी,” सर म्हणाले, “माइक बंद करायचा असतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एका खिडकीतली मुलगी, वेणू तिचं नाव, वांगणीपुढच्या पाड्यावरची, पुण्याला हॉस्टेलवर राहते, ती म्हणते, “राहू द्या ना सर. इथे कुठे ऐकायला मिळतं.” मग सर म्हणाले, “बरं, मावशींची आरती झाली की आपण सुरू करत जाऊ.” आता रविवारी मी घंटा वाजवते तेव्हा परभणी, पुणे, कुठली कुठली माणसं हात जोडून बसतात. देवाला पण जरा गर्दी झाल्यासारखं वाटत असेल. घरात मी एकटीच असते.

सरांचा पहिला नियम, काहीही करायच्या आधी जुनं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. मी त्यासाठी छोटी डिस्क आणली, कंपासपेटीएवढी. तुझं फोल्डर उचलून तिच्यात ठेवलं. उघडलं नाही. कॉपी होताना फाइलींची नावं पडद्यावरून झरझर जात होती, तेवढ्यापुरती मी खिडकीकडे बघत बसले. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं दिसतं, तुला ठाऊकच आहे.

आता हा कॉम्प्युटर मोकळा करून त्यात नवी सिस्टीम घालायची आहे. तुझं तोवर डिस्कवर सुखरूप आहे. पुढे ते तुझ्याकडे पाठवायचं की इथे परत ठेवायचं, ते तू सांगशील तसं.

प्रतिभाताई विचारत होत्या, “सूनबाई दिवाळीला पण नाही आल्या?” मी म्हटलं, नोकरीचं आहे तिचं. खोटं नाही ते. नोकरी आहेच ना तुझी.

तुझी,
संजीवनी

*

कात्रप
२८ नोव्हेंबर २०२५

चि. रविना,

काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पोथी वाचली, नैवेद्य दाखवला, आणि मग कॉम्प्युटरला हात घातला. शुभ दिवस बघूनच घातला.

पेनड्राइव्ह आधीच तयार करून ठेवला होता, सरांनी दाखवला तसा. तो लावून मशीन चालू केलं. भाषा मराठी निवडता येते, बघ. पुढे एका ठिकाणी विचारलं की डिस्क पूर्ण पुसून सिस्टीम बसवायची का. तिथे मी बराच वेळ थांबले. तुझं उतरवून ठेवलंय हे माहीत होतं, तरी उठून कपाट उघडलं, डिस्क जागेवर आहे का हात लावून बघितलं, आणि मग ‘हो’ दाबलं. पडद्यावर पट्टी सरकत राहिली. तुझं सगळं होतं ते त्या मशीनवरून गेलं, आणि घरात काही आवाजही झाला नाही.

मग त्याने विचारलं, आपलं नाव काय.

आता तूच सांग, नव्या वहीवर पहिलं नाव आपलं घालतात का कोणी? पाटी असो, पत्रिका असो, दुकानाची वही असो, आधी श्री, मग बाकीचे. मी पहिलं खातं श्रींचं उघडलं. पासवर्ड म्हणून कुलदेवीचं नाव आणि पुढे एक आकडा घातला, कारण नुसतं नाव त्याला कच्चं वाटलं. सिस्टीम सुरू झाली आणि वर ‘स्वागत, श्री’ असं आलं. मला तर भरून आलं.

मग श्रींच्या खात्यातून मी माझं उघडलं. तिथे दोन पर्याय होते: साधी वापरकर्ती का अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मी मॅट्रिक बाई. या घरात आधी सासूबाईंचं चाललं, मग ह्यांचं चाललं, हे गेल्यावर प्रज्वलचं. मी कशाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊ? साधी निवडलं. श्रींचं खातं नमस्कार करून बंद केलं आणि माझ्यात आले. छान दिसतं. तुझ्या वेळी होतं त्याहून भराभर चालतं.

आणि मग मला वाटलं, तिसरं तुझं खातं काढून ठेवावं. तुझं फोल्डर डिस्कवरून त्यात परत ठेवलं की पूर्वीसारखं होईल. चालू केल्यावर नावं दिसतील एकाखाली एक. म्हणून सरांनी शिकवलेली कमांड लिहिली. पासवर्ड मागितला, माझा दिला. तर एक इंग्रजी वाक्य आलं. मी शब्द शब्द लावून अर्थ काढला तो असा: संजीवनीचं नाव परवानगीच्या यादीत नाही. हा प्रकार वर कळवण्यात येईल.

वर! वर कोणाला, बाई?

मी तडक बटण दाबून बंद केला. देवापुढे जाऊन उभी राहिले. काय गुन्हा झाला ते कळेना. तुझं नाव घालायला गेले म्हणून का? तुझ्या कंपनीला कळतं का असलं काही? तुझ्यावर काही बालंट आलं तर मला निदान सांग. आता रविवारी सरांना विचारेपर्यंत मी त्याच्यावर कव्हर घालून ठेवलंय.

प्रज्वल खुशाल आहे. त्याचं सगळं चांगलं चाललं आहे. बाकी लिहिण्यासारखं नाही.

तुझी,
संजीवनी

*

कात्रप
१९ डिसेंबर २०२५

चि. रविना,

आशीर्वाद. पत्रं तुला मिळतात की नाही कळत नाही, पण एकही परत आलेलं नाही. परत येत नाही म्हणजे कोणीतरी घेतं.

त्या ‘वर कळवण्या’चं आधी सांगते, म्हणजे तू काळजीत असशील तर सुटशील. नसशील तर हसशील.

रविवारी आरती झाल्यावर मी धीर करून विचारलं, “सर, तो रिपोर्ट कोणाकडे जातो?”

“कुठे जात नाही मावशी. त्याच मशीनवर नोंद होते. अ‍ॅडमिनने बघायची असते. तुमच्याकडे अ‍ॅडमिन कोण आहे?”

“श्री.”

“श्री कोण, मुलगा तुमचा?”

“नाही हो सर. श्री म्हणजे... देव.”

एका खिडकीत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच. वेणू तर कॅमेऱ्यातून खालीच गेली. सर पण हसले, पण डोळे पुसत म्हणाले, “हसू नका रे. सिक्युरिटी म्हणून बघितलं तर याच्याइतका भरवशाचा अ‍ॅडमिन कोणाकडे नाही.”

मग त्यांनी समजावलं. पहिलं खातं जो उघडतो, सगळे अधिकार त्याचे. मी ते श्रींना देऊन टाकले आणि स्वतः साधी झाले. आता मशीनमध्ये काही बदलायचं तर श्रींनीच बदलायचं.

“मग मावशी, श्रींचा पासवर्ड टाका आणि स्वतःला अधिकार द्या.”

“देवाचा पासवर्ड मी कसा टाकू?”

“ठेवलाय कोणी?”

“मीच.”

“मग झालं तर. देव येऊन टाइप करणार आहे का? अधिकार असतो म्हणजे काय, जबाबदारी असते. मशीन तुमच्या घरात आहे. बिघडलं तर निस्तरणार तुम्ही. मग अधिकार दुसऱ्याकडे ठेवून कसं चालेल?”

गुरुवारी डोक्यावरून पाणी घेऊन, धूतवस्त्र नेसून श्रींच्या खात्यात गेले. मनात म्हटलं, देवा, तुझ्या नावावर मी काही मागत नाही, जेवढं सांभाळायचंय तेवढंच मागते. आणि माझं नाव अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या गटात घातलं. बाहेर आले, माझ्या खात्यातून तुझं खातं उघडलं. आता चालू केलं की तीन नावं दिसतात: श्री, संजीवनी, रविना.

तुझं सगळं परत तुझ्या जागी ठेवलंय. पासवर्ड मी ठेवलेला नाही. तू पहिल्यांदा बसशील तेव्हा तोच तुला विचारेल आणि तू तुझा घालशील, अशी सोय असते. म्हणजे तो तुझा तुलाच ठाऊक. एक दिवस येऊन बसलीस की झालं. शनिवारी, रविवारी, तुला सोयीचं असेल तेव्हा. मी मंडळात गेलेली असले तर किल्ली प्रतिभाताईंकडे असते, तुला मी समोर नको असले तर तसंही चालेल.

आता जे लिहायचं नव्हतं तेही लिहिते, कारण ते तुला बाहेरून कळण्यापेक्षा बरं. प्रज्वल नाताळात येतोय. एकटा नाही. तुझ्याशी मला लपवाछपवी जमत नाही, समोर असतीस तर तू एव्हाना माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असतंस. तुमच्या दोघांत काय बिनसलं ते मी विचारलं नव्हतं, तुम्ही सांगितलं नव्हतं. आताही विचारत नाही. 

काल व्हिडिओ कॉलवर मी त्याला कौतुकाने नवी सिस्टीम दाखवायला गेले. त्याने नावं वाचली.

“आई, हे काय? तिचं नाव कशाला अजून?”

“तिच्या फाइली आहेत.”

“काढ ते. आम्ही येऊ तेव्हा मला ते तिथे दिसायला नकोय. तुला जमत नसेल तर मी आल्यावर काढतो.”

“तुला नाही जमणार,” मी म्हटलं.

“का?”

“तुला परवानगी नाही. अ‍ॅडमिन मी आहे. खात्यांचं मी बघते.”

रविना, तो म्हणाला, “आई, तुला काय झालंय?” मला काही झालेलं नाही. कालपासून मला त्या वाक्याची आठवण येऊन हसू येतंय, पण सांगायला कोणी नाही. म्हणून तुला लिहिलं.

तुझी,
संजीवनी

*

कात्रप
२४ जानेवारी २०२६

चि. रविना,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या रथसप्तमी आहे, मी स्वतः घेऊन येणार आहे. का येते आहे ते या पत्रात सगळं आहे, म्हणजे दारात मला बोलावं लागणार नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या मम्मींचा फोन आला. मला वाटलं तिळगूळ द्यायला केलाय. फार गोड बोलल्या त्या, मला आधी तेच सांगायचंय, की त्या काही वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “बहेनजी, आप दिल की अच्छी हो. पर चिट्ठी मत भेजो. रविना का रिश्ता देख रहे हैं. घर में लोग आते हैं, बदलापूर से चिट्ठी देखते हैं, फिर सौ सवाल. लड़की फिर रोती है.”

मी विचारलं, “चिट्ठी पढती है वो?”

त्या म्हणाल्या, “पढती है. इसीलिए तो बोल रही हूँ.”

फोन ठेवून परत ओट्यापाशी गेले. तू वाचतेस याचा आनंद किती करावा आणि तू रडतेस याचं काय करावं, दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मला येईना. मी आपली लिहीत गेले, कॉम्प्युटर असा झाला, सर असं म्हणाले. मला वाटलं निरुपद्रवी आहे. तुझ्या घरात ते कोणाच्या हातात पडतं, कोण पाकीट उलटसुलट करून बघतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 

प्रज्वल नाताळात येऊन गेला. बरोबर ती होती, चांगली मुलगी आहे, पाया पडली. तुझं खातं तेव्हा होतं तसंच होतं. त्याने त्या कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि मीही विषय काढला नाही. सरांनी तोवर शिकवलं होतं की माणूस सोडून गेलं तर त्याचं खातं लगेच काढायचं नसतं, आधी कुलूप लावायचं. फाइली आत तशाच राहतात, फक्त कोणाला शिरता येत नाही. मला ते फार पटलं होतं. असंच कुलूप लावून ठेवू, वर्षं का जाईनात, असा माझा विचार होता.

तुझ्या मम्मींच्या फोननंतर तो विचार बदलला. ते कुलूप कोणासाठी होतं? तू काही परत येऊन बसणार नव्हतीस. सकाळी मशीन चालू केलं की मला तीन नावं दिसावीत, एवढ्याचसाठी ते होतं. माझ्या बघण्यासाठी तुझं सामान अडकवून ठेवणं हे काही सांभाळणं नव्हे.

म्हणून काल बसले. तुझं सगळं पुन्हा डिस्कवर घेतलं. या वेळी नीट जुळतंय का ते तपासायचं होतं, म्हणजे एकही फाइल मागे राहायला नको. न उघडता दोन्हीकडचं ताडून बघायची एक कमांड असते. ती दिली. मशीन काम करत राहिलं आणि मग नुसता कर्सर लुकलुकायला लागला. एक अक्षर नाही. मला वाटलं, बिघडलं. सरांना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं, “मावशी, फरक असेल तरच तो बोलतो. काही म्हणाला नाही म्हणजे सगळं जुळलं. पुढे जा.”

मग तुझं खातं काढायला घेतलं. त्याने विचारलं, फाइली ठेवायच्या का काढायच्या. ‘काढा’वर दाबलं. हे मी प्रज्वलने सांगितलं म्हणून केलेलं नाही आणि तुझ्या मम्मींनी सांगितलं म्हणूनही नाही. अधिकार माझ्याकडे होता आणि मी केलं. आता चालू केलं की दोन नावं दिसतात. सवय होईल.

डिस्क घेऊन येते ती तशी हातात देणार नाही. कोर्टातून तू परस्पर गेलीस. तुझ्या बॅगा प्रज्वलने टेंपोत घालून पाठवल्या. या घरातून माहेरी जाताना तुझी ओटी कोणी भरली नाही. चार वर्षांत तू दर वेळी उल्हासनगरला निघालीस की मी दारात तांदळाचा वाडगा घेऊन उभी असायचे आणि तू म्हणायचीस, “आई, ट्रेन जाएगी मेरी,” आणि तरी थांबायचीस. शेवटच्या खेपेलाच तेवढं राहिलं. 

प्रतिभाताईंना आज सगळं खरं सांगितलं. नोकरीचं आहे नोकरीचं आहे म्हणून किती दिवस सांगणार. त्यांना म्हटलं, उद्या सुनेची ओटी भरायला जाते. त्या म्हणाल्या, “अहो संजीवनीताई, तिचा घटस्फोट झालाय. आणि तुम्ही... राग मानू नका, पण तुमचे हे गेल्यावर तुम्ही ओटी भरायची नसते. ना तुम्ही भरायची, ना तिने घ्यायची. शास्त्र काही आहे की नाही?”

मी उठले. घरी येऊन दिवा लावला आणि श्रींना विचारलं. पुष्कळ वेळ उभी होते. काही म्हणाले नाहीत.

म्हणून पुढे गेले. खण काढला, हिरवा, तुला आवडतो तो रंग. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड आणि मध्ये डिस्क. डिस्क तुझ्या कॉम्प्युटरला लावलीस की तुझं फोल्डर दिसेल, पासवर्ड काही नाही. सगळं उतरवून घे आणि मग ती तुझ्याकडेच ठेव.

यापुढे मी लिहिणार नाही. ते चांगले लोक बघायला येतील तेव्हा घरात बदलापूरचं काही नसेल. ही पत्रंही टाकून दे, संकोच करू नकोस. मी रविवारचा क्लास करत राहीन. सर आता नेटवर्किंग सुरू करणार आहेत.

उद्या सकाळच्या पूजेनंतर निघते. बेल वाजवीन, आधी हे पत्र आत तुझ्याकडे पाठवीन, तू वाचेपर्यंत दारात थांबेन, मग तुझ्या मम्मींच्या हातात पिशवी देईन आणि उंबऱ्यावरूनच परत फिरेन. चहाला थांबणार नाही, त्यांना तसं सांग. तू घरी असलीस तरी बाहेर येऊ नकोस.

अखंड सुखी राहा.

संजीवनी

ता. क. आणि आलीसच, तर ओटी घ्यायला पदर लागतो असं काही नाही. ओढणी पुढे कर, चालेल.